वीज गेली तेव्हा आणि वीज आली तेव्हा: ह्यूस्टनमधल्या एका प्रवाळ टाकीचं प्रकरण

फेब्रुवारी २०२१ मध्ये ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीतल्या एका मराठी घरातली प्रवाळांची टाकी दोन हप्त्यांत मेली. पहिला हप्ता वीज गेल्यावर, दुसरा वीज परत आल्यावर. पहिल्या हप्त्याबद्दल त्या वर्षी टेक्ससमधल्या प्रत्येक टाकीवाल्याकडे सांगण्यासारखं काही ना काही होतं. दुसऱ्याबद्दल फारसं कोणी बोललं नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

टाकी माझ्या मित्राची. तो रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम बघतो. मी त्या क्षेत्रातला नाही, पण खाऱ्या पाण्याच्या टाक्यांचा नाद मला त्याच्याही आधीपासून. टाकी पुन्हा उभी करताना कुठली उपकरणं घ्यायची यावर आमचे बरेच वाद झाले आणि त्यातले बहुतेक तो जिंकला.

आधीची मांडणी

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच अशी ९० गॅलनची, म्हणजे ३४० लिटरची काचेची टाकी. खाली कपाटात ३० गॅलनची दुसरी टाकी, जिला या छंदात सगळे सम्प म्हणतात. वरचं पाणी ओव्हरफ्लोमधून खाली उतरतं, तिथे हीटर, पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारा स्किमर आणि थोडे दगड असतात, आणि एक पंप ते पाणी परत वर चढवतो. दगड-वाळूची जागा वजा केली तर एकूण पाणी साधारण ३८० लिटर. तापमान २५-२६ अंश, क्षारता हजारी ३५. आत हॅमर आणि टॉर्च हे मोठ्या पॉलिपचे प्रवाळ, ॲक्रोपोरा, लेदर, झोअँथिड असे आणखी काही प्रवाळ, आणि माशांत क्लाउनफिशची जोडी व एक पिवळा टँग.

उपकरणं अजिबात स्वस्तातली नव्हती. वेग बदलता येणारा डीसी पंप, सगळ्यांवर देखरेख करणारा कंट्रोलर, ३०० वॉटचा एक हीटर, मोबाइलवरून सूर्योदय-सूर्यास्त लावता येणारा दिवा. कंट्रोलरचा तापमानाचा प्रोब वरच्या टाकीत होता, कारण जीव तिथे राहतात. हीटर सम्पमध्ये, कारण तो समोर बरा दिसत नाही. हीटरच्या स्वतःच्या थर्मोस्टॅटची चकती शेवटपर्यंत वर फिरवून ठेवलेली, म्हणजे तो कंट्रोलरच्या कामात लुडबुड करणार नाही. ही मांडणी आजही असंख्य घरांत दिसते. माझ्याकडेही तेव्हा साधारण तशीच होती.

दोन हप्ते

१५ फेब्रुवारीला पहाटे दीडच्या सुमारास टेक्ससच्या वीजजाळ्याने भारनियमन सुरू केलं. राज्यभरात ४५ लाखांहून अधिक घरं अंधारात गेली. १६ तारखेला ह्यूस्टनच्या विमानतळावर पारा उणे १० अंशांच्या खाली होता. तिथली घरं उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली. मित्राच्या घरात दुसऱ्या दिवशी ८ अंश होते. टाकीवर रजया टाकल्या, चहाच्या पातेल्यात गॅसवर पाणी तापवून बाटल्या भरून तरंगवल्या. ३८० लिटर पाण्यापुढे चार बाटल्या म्हणजे दर्या में खसखस. पाणी १३-१४ अंशांवर आलं तेव्हा ॲक्रोपोराची साल सुटायला लागली होती, हॅमर आत ओढून घेतलेले. मुलांना घेऊन ही मंडळी शेकोटी असलेल्या एका स्नेह्यांच्या घरी गेली. लेदर, झोअँथिड आणि आश्चर्य म्हणजे क्लाउनफिश त्या क्षणी जिवंत होते.

१७ च्या रात्री वीज आली. घरात कोणी नव्हतं. आणि इथून आगीतून फुफाट्यात.

वर पाणी चढवणारा पंप सुरूच झाला नाही. इम्पेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या, दांड्यावर चुन्याचा थर बसलेला होता. चालत्या पंपाला तो जाणवत नव्हता, पण थंडगार पाण्यात अडीच दिवस थांबल्यावर दांडा अडकला. पंप बंद म्हणजे वरची आणि खालची टाकी आता एकमेकींपासून तुटलेल्या. कंट्रोलरने वरचा प्रोब वाचला: पाणी गार आहे. त्याने खालचा हीटर चालू केला. वरचं पाणी काही तापेना, म्हणून हीटर चालूच. सम्पमध्ये त्या वेळी शंभर लिटर पाणी. ३०० वॉटचा हीटर शंभर लिटर पाणी तासाला अडीच अंशांपेक्षा जास्त वेगाने तापवू शकतो. चकती शेवटपर्यंत फिरवलेली असल्याने हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅटही आडवा आला नाही. प्रत्येक उपकरणाने आपापलं काम चोख केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मित्र घरी पोचला तेव्हा सम्पमध्ये ३८ अंश होते आणि कपाटाच्या दारावरून पाण्याचे ओघळ चालले होते. त्याने पंपाला लाटण्याने ठोकलं. पंप सुरू झाला. शंभर लिटर ऊन पाणी, त्यात दगडांवरचे शिजलेले जिवाणू आणि किडे, हे सगळं दहा मिनिटांत वर गेलं. संध्याकाळपर्यंत अमोनिया चढला आणि उरलेले जीव रात्रीत गेले.

यात मला सर्वांत बोचणारी गोष्ट ही, की बिघाड म्हणावा असा बिघाड एकाही महागड्या उपकरणात झाला नव्हता. चुना कुठल्याही पंपात बसतो. पंप नंतर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला तर नव्यासारखा चालला. वॉरंटीचा कागद हातात होता, पण दावा कशाचा करणार?

प्रश्न बदलला

त्या उन्हाळ्यात टाकी पुन्हा भरायची ठरली तेव्हा मी नेहमीचा सल्ला दिला: चांगल्या नावाची वस्तू घे, लोकांनी दहा वर्षं वापरलेली घे, हीटर दोन वर्षांनी बदल. मित्राने वही काढली आणि प्रत्येक उपकरणापुढे चार रकाने आखले. बंद पडलं तर कशा अवस्थेत पडतं? ते किती तासांत आपल्याला कळेल? तेवढ्या तासांत काय मरेल? आणि सुटा भाग घरात ठेवता येतो का?

प्लँटमध्ये कंट्रोल व्हॉल्व्ह घेताना हेच विचारतात, तो म्हणाला. हवेचा दाब गेला तर व्हॉल्व्ह उघडा राहणार की बंद होणार, हे ऑर्डर देण्याआधी ठरलेलं असतं. किती वर्षं टिकेल हा त्यानंतरचा प्रश्न. टाकीच्या दुनियेत आपण फक्त दुसराच प्रश्न विचारतो, आणि मग भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो.

वही भरत गेली तसं एक लक्षात आलं: चार रकान्यांत बसवता न येणारी उपकरणं मुळात लागतच नव्हती. अल्ट्राव्हायोलेट दिवा, दोन रिॲक्टर (पाणी शुद्ध करणारी नळकांडी), पाण्यात मोजून द्रावण सोडणारा एक जास्तीचा डोसिंग पंप असं बरंच गाळलं. जे यंत्र नाही ते बिघडत नाही. जकार्तातल्या ली चिन एंग या गृहस्थांनी १९६१ च्या सुमारास जगापुढे मांडलेली पद्धत म्हणजे जिवंत दगड, समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे, एवढीच होती. आजच्या टाकीत तेवढ्यावर भागत नाही, ॲक्रोपोरा तर नाहीच. पण संकटाच्या रात्री टाकी पुन्हा त्याच तीन गोष्टींवर येते.

हीटर

सर्वांत जास्त वेळ हीटरवर गेला, आणि तो जायलाच हवा होता. काचेच्या साध्या हीटरमध्ये द्विधातूची पट्टी असते. ती दिवसातून कितीतरी वेळा संपर्क जोडते आणि तोडते, प्रत्येक वेळी बारीक ठिणगी उडते, आणि कधीतरी ती टोकं एकमेकांना चिकटून बसतात. मग हीटर कायमचा चालू. म्हणजे हे उपकरण मरतं ते बहुधा वाईट बाजूला. बंद पडून मेला तर टाकी हळूहळू गार होते आणि आपल्याला दिवसभर वेळ मिळतो. चालू राहून मेला तर वेळ किती मिळेल हे त्याच्या वॉटवर ठरतं.

इथे साधं गणित कामाला येतं. ३०० वॉटचा हीटर ३८० लिटर पाण्याला, उष्णता कुठेही गेली नाही असं धरलं तर, तासाला ०.७ अंश चढवतो. रात्री दहाला चिकटला तर सकाळी सहापर्यंत पाच-साडेपाच अंश. २६ चे ३१. प्रवाळ फिके पडायला एवढं पुरतं. १५० वॉटचा हीटर चिकटला तर वेग निम्मा, आणि प्रत्यक्षात काचेतून व बाष्पीभवनातून उष्णता जातच असते. दिवसाला चार लिटर पाणी उडत असेल तर ते एकटंच सरासरी ११० वॉट घेऊन जातं. म्हणजे एकटा १५० वॉटचा हीटर कायम चालू राहिला तरी टाकी खोलीपेक्षा थोडी वर जाऊन थांबते. शिजवण्याची त्याची ऐपतच नाही.

म्हणून १५० वॉटचे दोन. टेक्ससच्या नेहमीच्या हिवाळ्यात एक मेला तरी दुसरा बऱ्यापैकी ओढून नेतो. दोन्हींवर बाहेरचा थर्मोस्टॅट, तीस-चाळीस डॉलरला मिळणारा इंकबर्डसारखा, २५.५ अंशांवर. हीटरच्या स्वतःच्या चकत्या २७ वर, म्हणजे बाहेरचा थर्मोस्टॅट चिकटला तर आतला अडवेल. आणि प्रोब हीटर ज्या पाण्यात आहे त्याच पाण्यात, सम्पमध्ये. वरच्या टाकीत वेगळा थर्मामीटर आहे, पण त्याच्या हातात कुठलाही खटका नाही. तो फक्त ओरडतो.

टायटॅनियमचे हीटर मी सुचवले होते, कारण ते फुटत नाहीत. मित्राने नाकारले. त्यांतल्या बऱ्याचशांना स्वतःचा थर्मोस्टॅट नसतो, म्हणजे एक कुंपण कमी. काच फुटण्याची भीती त्याने वेगळ्या मार्गाने घालवली: हीटर सम्पच्या तळाला आडवे लावले, पाणी कितीही उतरलं तरी बुडालेले राहतील असे.

पंप आणि पुण्याचा निरोप

पाणी वर चढवायला ॲडॉप्टरवरचा डीसी पंप की थेट भिंतीतल्या विजेवर चालणारा साधा एसी पंप, यावर आमचं सर्वांत मोठं भांडण झालं. डीसी पंप वीज कमी खातो, आवाज कमी करतो, वेग हवा तसा लावता येतो. पण त्याचा कंट्रोलर आणि ॲडॉप्टर कपाटाच्या दमट, खारट हवेत टांगलेले असतात. ते गेले तर जुळणारा भाग मागवावा लागतो, आणि मॉडेल बंद झालं असेल तर अख्खा पंपच बदलायचा. एसी पंपात इलेक्ट्रॉनिक्स असं काही नसतं. तारांचं वेटोळं राळेत बंद, मधे चुंबकाचा रोटर, चिनी मातीचा दांडा आणि इम्पेलर. झिजतात ते दांडा आणि इम्पेलर, आणि दोन्ही खणात ठेवता येतात. मित्राने जर्मनीच्या आयहाइमचा १२६२ घेतला: तासाला ३४०० लिटर, ८० वॉट. दांडा-इम्पेलरचा एक जोड त्याच दिवशी मागवला. माझं म्हणणं होतं की ८० वॉट म्हणजे वर्षाला ७०० युनिट, डीसी निम्म्यात भागवेल. ते खरंच आहे. तरी तो बधला नाही.

खरी अट मात्र पंपाच्या जातीवर नव्हती. दर तीन-चार महिन्यांनी पंप काढायचा, लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात बुडवायचा, परत बसवायचा, आणि मग भिंतीतली पिन काढून अर्ध्या तासाने पुन्हा लावायची. चालू पंप किती गुळगुळीत चालतोय यावरून काही कळत नाही. थांबून पुन्हा सुरू होतो का, हीच परीक्षा. ती आपण असताना घ्यायची, कारण वीजकंपनी ती आपण नसताना घेते.

टाकीच्या आत लाटा करणारे दोन पंप मात्र डीसी घेतले, २४ व्होल्टचे आणि वीज गेली की आपोआप बॅटरीवर जाणारे. बॅव्हेरियातल्या टुंझेने यासाठी सेफ्टी कनेक्टर नावाची छोटी डबी काढलेली आहे: एका बाजूला ॲडॉप्टर, दुसऱ्या बाजूला १२ व्होल्टची बॅटरी, वीज गेली की ती बॅटरीकडे वळते. एक पंप डाव्या बाजूला आणि एक उजव्या, दोन्हींची तोंडं थोडी वर, पाण्याची कातडी फाटत राहील अशी. वर पाणी चढवणारा पंप बॅटरीवर घेतलाच नाही. ऑक्सिजन पृष्ठभागावरून आत येतो, आणि त्यासाठी ८० वॉट जाळायची गरज नाही.

याच सुमारास मित्राच्या मामेभावाचा पुण्याहून निरोप आला, की येताना तसाच एक पंप बॅगेतून आण. हा उद्योग कोणी करू नये. अमेरिकेतला पंप ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचा. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जमवलं तरी ५० हर्ट्झवर रोटर मिनिटाला ३६०० ऐवजी ३००० फेरे मारतो आणि पाणी चढवण्याची ताकद तीस टक्क्यांनी उतरते. युरोपचा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा पंप आपल्याकडे जसाच्या तसा चालतो. दुसरी गोष्ट जास्त गंभीर: भारतात दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण २००१ पासून आहे. मालवणच्या समुद्रातले ते पाण्यात उतरून बघावेत, घरी आणणं गुन्हा आहे. तेव्हा पुण्यातली टाकी माशांचीच राहील, आणि तिला निम्मी उपकरणं पुरतील.

उरलेलं, थोडक्यात

दिव्यावर आम्ही सर्वांत कमी डोकं आणि कमी पैसे घातले. दिवा मेला तर प्रवाळ आठवडाभर काढू शकतात, तेवढ्यात दुसरा येतो. पन्नास हजार तासांचं आयुष्य म्हणून जे छापतात ते दिवसाला दहा तासांनी साडेतेरा वर्षं होतं, पण तो आकडा एलईडीच्या चिपचा. आतला पंखा त्याच्या कितीतरी आधी खडखडायला लागतो. एका मोठ्याऐवजी दोन लहान दिवे घेतले, तेही वापरलेले.

उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रणेचा सेन्सर कधीतरी फसणारच असं धरलं. गोगलगाय त्यावर बसते, शेवाळ चढतं. मग फसल्यावर किती पाणी आत येऊ शकतं? आधी ही नळी थेट आरओच्या लाइनला जोडायचा बेत होता. तो सोडून १९ लिटरची बादली ठेवली. अख्खी बादली रिकामी झाली तरी क्षारता ३५ वरून ३३.३ वर येते. जीव कुरकुरतील, मरणार नाहीत. मात्र काही जण प्रवाळांसाठी भरायच्या पाण्यात चुन्याची निवळी घालतात, ती या बादलीत घालायची नाही. ती तीव्र अल्कधर्मी असते, एकदम आत गेली तर हे गणित कोसळतं.

ओव्हरफ्लोचं पाहिलं ते असं. वीज गेली की परतीच्या नळीतून पाणी उलटं खाली येतं, नळीचं तोंड हवेत उघडं पडेपर्यंत. या टाकीत पाण्याची एक इंच पातळी म्हणजे १४ लिटर. तोंड दीड इंच खाली असलं तर २१ लिटर, शिवाय नळ्यांतलं. सम्पमध्ये तेवढी जागा कायम रिकामी हवी. एकतर्फी व्हॉल्व्ह लावून हे टाळता येतं असं दुकानदार सांगतात. त्यात एक शंख अडकला की गालिचा भिजतो. व्हॉल्व्ह लावला नाही, नळीचं तोंड वर घेतलं, आणि पिन काढून पाणी कुठवर चढतं त्याची रेघ सम्पच्या काचेवर मारली.

आपल्याकडच्या ईएलसीबीच्या जातीचे तिकडचे जीएफसीआय सॉकेट दोन वेगळ्या सर्किटांवर घेतले. एक हीटर आणि एक लाटेचा पंप इकडे, दुसरा जोड तिकडे. गळती पकडणारं सॉकेट मध्यरात्री पडलं तर अर्धीच टाकी बंद पडावी, म्हणून. कंट्रोलर ठेवला, पण त्याच्याकडून हुकूम काढून घेऊन साक्षीदाराचं काम दिलं. नेपच्यूनच्या एपेक्ससारख्या कंट्रोलरमध्ये प्रत्येक सॉकेटला फॉलबॅक नेमता येतो: मेंदूशी संपर्क तुटला तर हे सॉकेट चालू राहील की बंद. अनेकांनी तो रकाना कधी उघडून पाहिलेला नसतो.

बॅटरी आणि जनरेटर

१२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे १२८० वॉट-तास. लाटेचे दोन पंप मंद वेगाने मिळून २० वॉट घेतात, म्हणजे कागदावर ६४ तास. प्रत्यक्षात दोन दिवस धरून चालावं. हीच बॅटरी दोन हीटरांना चार तास पुरते. त्यामुळे बॅटरी प्रवाहासाठी, उष्णतेसाठी नाही, हे ठरलं. उष्णतेसाठी इंचभर जाडीच्या थर्मोकोलच्या पाट्या टाकीच्या मापाने कापून माळ्यावर ठेवल्या. काचेतून जाणारी उष्णता त्या चौथाईपेक्षा खाली आणतात. खर्चाच्या मानाने एवढा फायदा या यादीत दुसऱ्या कशाचा नाही.

शिवाय होंडाचा ईयू२२०० जनरेटर, सलग १८०० वॉट देणारा. त्याची टाकी साडेतीन लिटरची, चौथाई भारावर आठ तास. तो अंगणातच, घराच्या खिडक्यांपासून लांब. २०२१ च्या त्या आठवड्यात ह्यूस्टन परिसरात गॅरेजमध्ये जनरेटर आणि घरात कोळसा लावून कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली. टाकीपायी हा धोका कोणी पत्करू नये. आणि सर्वांत शेवटी, वीज गेली की आपोआप सुरू होणारा, जाड सेलवर चालणारा हवेचा छोटा पंप. किंमत वीसेक डॉलर.

बेरिल

सगळी तयारी थंडीची झाली आणि परीक्षा आली उन्हाळ्यात. ८ जुलै २०२४ च्या पहाटे बेरिल चक्रीवादळ माटागोर्डाजवळ किनाऱ्यावर आलं. पहिल्याच श्रेणीचं, पण ह्यूस्टन परिसरात २२ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, काहींची आठवड्याहून जास्त. मित्राकडे ती पाचव्या दिवशी आली.

पहिले काही तास वहीप्रमाणे गेले. पंप बॅटरीवर वळले, पाणी काचेवरच्या रेघेपर्यंत चढून थांबलं, सेलवरचा पंप बुडबुडे सोडू लागला. हीटर, थर्मोस्टॅट, थर्मोकोल यांतल्या कशाचाच उपयोग नव्हता. घर ३२ अंशांवर गेलं, त्यामागून टाकी. थंडीत पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो आणि माशांचा श्वास मंदावतो. उन्हाळ्यात दोन्ही उलट. २५ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशांवर सव्वासहाच्या आसपास, आणि मासे मात्र जास्त मागतात. तो वीस डॉलरचा पंप आणि वर तोंड केलेल्या लाटा, यांनीच टँगला वाचवलं असं माझं मत आहे. मित्राला तेवढी खात्री वाटत नाही.

संध्याकाळी जनरेटर लागला: फ्रिज, बॅटरीचं चार्जिंग आणि सम्पवर एक टेबलफॅन. पंख्याने बाष्पीभवन दुप्पट झालं आणि पाणी ३० अंशांच्या आसपास रोखलं गेलं. पण दिवसाला आठ लिटर पाणी उडायला लागलं की १९ लिटरची बादली तिसऱ्या दिवशी कोरडी पडते. तोच आकडा, जो पूर येऊ नये म्हणून निवडला होता. नळाला दाब नव्हता, त्यामुळे आरओ चालेना. दुकानांतलं डिस्टिल्ड पाणी संपलेलं. शेवटी वहिनींनी फ्रीझरमध्ये पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या गोठवून त्या तरंगवायला सुरुवात केली. दोन लिटरची गोठलेली बाटली ही टाकी अर्धा अंश खाली आणते. चार बाटल्यांची पाळी लावली तेव्हा पंखा बंद करता आला आणि पाणी उडणं आवरलं. पेट्रोलच्या रांगेत तासभर उभं राहणं हेही या यंत्रणेचं एक उपकरणच म्हणायचं.

पाचव्या दिवशी वीज आली तेव्हा घरात माणसं होती, आणि पंप पहिल्या झटक्यात सुरू झाला. ॲक्रोपोराची एक वसाहत फिकी पडून पुढे मेली, टॉर्चचं एक डोकं गेलं. बाकी सगळं शाबूत.

त्यानंतर केलेले बदल

पाण्याचा साठा ८० लिटर केला, पण झाकलेल्या पिंपात, आणि आपोआप भरणाऱ्या यंत्रणेला जोडलेली बादली १९ लिटरचीच ठेवली. पिंपातून बादलीत पाणी हाताने ओतायचं. यावर मी पुन्हा वाद घातला, पुन्हा हरलो.

चिलर घ्यायचा का, हा शेवटचा प्रश्न होता. या मापाच्या टाकीचा चिलर तीन-चारशे वॉट खातो आणि पाण्यातून काढलेली उष्णता त्याच बंद खोलीत सोडतो, म्हणजे वीज गेलेल्या घरात आपणच भट्टी लावायची. वहिनींचं म्हणणं वेगळं होतं: तेवढ्याच विजेत पाच हजार बीटीयूचा खिडकीतला एसी चालतो, तो जनरेटरला झेपतो, आणि त्या खोलीत मुलंही झोपू शकतात. एसी घेतला. तो वर्षभर खोक्यात असतो, आणि मेअखेरीला एकदा जनरेटरवर लावून बघितला जातो, पंपाची पिन काढायच्याच दिवशी.